गॅस भरला, गळती तशीच!



शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवर प्रवासी गाड्या चालवून आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांच्या चुली पेटतात. त्यांत कर्ज काढून गाडी घेतलेले आपले तरुणही आहेत. उन्हाळा लागला, की त्यांची एक तक्रार हमखास आमच्या कानी येते. "गेल्या वर्षीच एसीत गॅस भरला, पुन्हा थंडावा गेला." मिस्त्री पुन्हा गॅस भरतो, पैसे घेतो. पुढच्या वर्षी तेच!

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. बऱ्याच वर्षांत थोडा झिरपतो हे खरे. पण दरवर्षी भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहेच. कारणावाचून काही घडत नाही, हे आपण विहारात ऐकतो. ते गॅरेजातही तितकेच खरे आहे.

गळती आधी डोळ्यांनी शोधावी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. जेथून गॅस सुटतो, तेथे बहुधा तेलकट डाग पडतो व त्यावर धूळ बसते. नळ्यांचे जोड, रबरी रिंगा, कॉम्प्रेसरचे सील, गॅस भरण्याचे व्हॉल्व्ह पाहावेत. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर तर अवश्य पाहावा. रस्त्यावरची खडी त्यालाच लागते. संशय येईल तेथे साबणाचा फेस लावावा. मोठी गळती बुडबुड्यांनी दिसते. बारीक गळतीसाठी गॅस ओळखणारे यंत्र जोडाच्या खालून हळूहळू फिरवतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. काही कारागीर यंत्रणेत चमकणारा रंग सोडून नंतर अतिनील दिव्याखाली तपासतात. गॅस पूर्ण गेलेला असेल, तर कोरडा नायट्रोजन भरून दाब पाहतात. ऑक्सिजन मात्र कधीही भरू नये; तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. व्हॅक्यूम टिकला नाही, तर गळती आहे एवढेच कळते. जागा कळत नाही.

गळती तशीच ठेवली, तर तेल कमी पडून कॉम्प्रेसर जाम होण्याची भीती असते. मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो. नुकसान गाडीमालकाचेच नाही. अनेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. तो ओझोनला इजा करीत नाही. पण त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो. असे गॅस कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला व भारताने २०२१ साली त्यास मान्यता दिली. पृथ्वी तापली, की पहिला चटका उघड्या रानात राबणाऱ्यालाच बसतो. तो कोण, हे सांगायला नको.

म्हणून गाडीवाल्या बांधवांनी गॅस भरण्यापूर्वी "गळती कोठे आहे?" हे विचारावे व बिलावर लिहून घ्यावे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेल्या मुला-मुलींनी तर हे काम हाती घ्यावेच. नुसता गॅस भरणारे पुष्कळ आहेत. गळती शोधून देणाऱ्याकडे गिऱ्हाईक विश्वासाने येते. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका याहून वेगळी ती काय?