संप्रदान कोण?

चतुर्थीचा कारकार्थ विचारला की वर्गातली मुले ‘संप्रदान’ म्हणून मोकळी होतात. ज्याला दान द्यायचे, तो संप्रदान. अमेरिकेतील वैद्यकशास्त्राचे पंडित मात्र गेली कित्येक वर्षे याच एका शब्दाशी झुंजत आहेत! फराळाच्या ताटावर मृत्यूचा विषय कशाला, असे घरोघरी म्हणतील. पण वाचकहो, विषय जगण्याचाच आहे.

मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव द्यायचे ठरले, की ते काढीपर्यंत यंत्रे नि औषधे यांच्या बळावर देहातले रक्त खेळते ठेवतात. या अवधीत देहाची निगा कशी राखावी? 2015 साली तिकडच्या एका प्रयोगाचा निकाल छापून आला. काही दात्यांचे देह 34 ते 35 अंश सेंटिग्रेडवर गार ठेवले, काहींचे नेहमीच्या उष्णतेवर. मूत्रपिंड बसवल्यावर पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागलेले रोगी उबदार गटात शेकडा 39, गार गटात 28. उपाय किती साधा! पुढे 2023 साली, काढलेल्या मूत्रपिंडातून यंत्राने थंड द्रव खेळवणे त्याहूनही सरस ठरले.

मग असे प्रयोग भराभर का होत नाहीत? तिथले संशोधनाचे नियम जिवंत माणसाच्या रक्षणासाठी आहेत; मृत दाता त्यांत बसत नाही. त्याची स्वतःची नोंदलेली इच्छा किंवा कुटुंबाची परवानगी असली म्हणजे झाले. पण प्रयोगाचे बरेवाईट फळ ज्याच्या पोटात जाते, तो जिवंत असतो! आणि तो एकटा नसतो. एकाच दात्याचे हृदय, यकृत, मूत्रपिंडे निरनिराळ्या इस्पितळांत जातात. मूत्रपिंडाला मानवले ते हृदयाला मानवेलच, असे थोडेच आहे? शिवाय प्रयोगाला हात घालताना घेणारे कोण, हे पुष्कळदा ठरलेलेही नसते.

संमती घ्यायची ती कोणाची? अपरात्री फोन करून ‘मूत्रपिंड मिळाले आहे, प्रयोगातले आहे, चालेल का?’ असे विचारले, तर वर्षानुवर्षे वाट पाहणारा काय उत्तर देणार? त्या होकाराला संमती म्हणणे आम्हांला तरी जड जाते.

2017 साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सुचवले, की प्रतीक्षायादीत नाव घालतानाच रोग्याला सारे समजावून सांगावे, आणि अवयव चालून येईल तेव्हा पुन्हा विचारावे. सूचना शहाणपणाची आहे. तरीही ‘नको’ म्हणणाऱ्याला त्या रात्री आलेला अवयव सोडून पुन्हा वाटच पाहावी लागते.