भुकेला शत्रूचा पत्ता कोण देतो?

"या देशाला एक हिटलरच पाहिजे!"

हे वाक्य आम्ही लोकलच्या डब्यात ऐकले आहे, चहाच्या टपरीवर ऐकले आहे, लग्नाच्या मांडवातही ऐकले आहे. बोलणारा बहुतेक वेळा पोट भरलेला असतो, त्यामुळे आम्ही ते सोडून देत आलो. परवा मात्र हेच वाक्य आमच्याच वस्तीतल्या एका पोराच्या तोंडून ऐकले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सर्वात पुढे असणारा हा पोरगा. बी.कॉम. झालेला, तीन वर्षे भरतीच्या जाहिरातीची वाट पाहून आता कंत्राटावर रात्रपाळी करणारा. तो चिडलेला आहे आणि त्याची चीड शंभर टक्के खरी आहे. पण त्या चिडीला कुणीतरी चुकीचा पत्ता दिला आहे. म्हणून हा लेख त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

हिटलर कसा आला, याचे शाळेत पाठ केलेले उत्तर एका ओळीचे आहे. जर्मनी युद्ध हरली, महागाई आली, बेकारी आली, लोक उपाशी राहिले आणि हिटलर आला. आमचे म्हणणे आहे की हे अर्धेच सत्य आहे. आणि उरलेले अर्धे लपवण्यात अनेकांचा फायदा आहे.

आधी भुकेचे बोलू. पहिल्या महायुद्धाचा खर्च जर्मन सरकारने करांऐवजी मुख्यतः कर्जातून भागवला. हरल्यावर युद्धभरपाईचे ओझे आले. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूर या कोळशाच्या प्रदेशात घुसल्या. तिथल्या संपकरी कामगारांना पैसे देण्यासाठी सरकारने नोटा छापल्या, छापतच राहिले. युद्धापूर्वी एक डॉलर ४.२ मार्कला मिळत होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. आयुष्यभराच्या बचतीत पावही येईना. पेन्शनवाले, विधवा, छोटे बचतदार रस्त्यावर आले. पण ज्यांनी मोठी कर्जे काढून जमिनी आणि कारखाने घेतले होते, त्यांची कर्जे रद्दीच्या भावात फिटली. म्हणजे चलन बुडाले तेव्हा सगळेच बुडाले नाहीत. गरीब बुडाले, काही धनदांडगे तरले.

याच १९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नये आणि रुपयाची बाजारातली खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, हा त्यातला आग्रह होता. महागाई हा गरिबाच्या खिशावरचा दरोडा असतो, हे समजणारा अर्थतज्ज्ञ आपल्या चळवळीला मिळाला. आपण मात्र त्याला फक्त जयंतीच्या फलकावर ठेवले.

आता प्रश्न विचारू. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने म्युनिकमध्ये सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, पण वर्षही पुरे व्हायच्या आत तो सुटला. पुढे नवे चलन आले, अमेरिकेची कर्जे आली, लोकांच्या हाताला काम मिळाले. मे १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला किती मते मिळाली? २.६ टक्के! भाषणे तीच, द्वेष तोच, मिशाही त्याच. पण पोटात अन्न होते तेव्हा शंभरातल्या सत्त्याण्णव लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

मग १९२९ ची जागतिक मंदी आली आणि अमेरिकेने आपली कर्जे परत मागितली. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत नोंदणीकृत बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला. अशा वेळी चॅन्सेलर ब्र्यूनिंगने काय केले? पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले. तेही संसदेला बाजूला ठेवून, राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी. हिटलरच्या आधीच तिथे लोकशाही आजारी पाडली गेली होती, आणि पाडणारे सभ्य, सुशिक्षित, कोट घातलेले लोक होते. सप्टेंबर १९३० मध्ये नाझी पक्ष १८.३ टक्क्यांवर गेला. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर.

"मग भुकेनेच हिटलर आणला ना?" असे कुणी म्हणेल. थांबा. मंदी अमेरिकेतही होती आणि तिथे दर चार कामगारांमागे एक बेकार होता. तिथे हिटलर आला नाही, रूझवेल्ट आला. त्याने सरकारी कामे काढली, बँका सावरल्या, म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला. अमेरिका वंशद्वेषापासून मुक्त होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. काळ्या माणसाला तिथे झाडाला टांगले जात होते आणि त्या पेन्शनमधून शेतमजूर व घरकामगार वगळलेही गेले. पण भुकेपुढे शासनाने काय ठेवायचे, भाकरी की शत्रू, हा निर्णय असतो. जर्मनीत भाकरी कापली गेली आणि शत्रू आयता तयार होता.

शिवाय जर्मनीत सर्वात उपाशी कोण होते? बेकार कामगार. इतिहासकारांनी मतांचे आकडे तपासले तेव्हा दिसले की बेकारांचा ओढा नाझींपेक्षा कम्युनिस्टांकडे जास्त होता. कामगारांची मते नाझींना मिळालीच नाहीत असे नाही. पण त्यांचा खरा जोर होता तो छोटे शेतकरी, दुकानदार, कारकून, सरकारी नोकर यांच्यात, प्रॉटेस्टंट गावांत आणि लहान शहरांत. आणि विद्यापीठांत! देशाच्या विद्यार्थी संघटनेचे नेतृत्व नाझी विद्यार्थ्यांनी १९३१ मध्येच ताब्यात घेतले होते. मे १९३३ मध्ये पुस्तकांच्या होळ्या पेटवणारे हात अंगठेबहाद्दरांचे नव्हते.

ही माणसे तळाशी नव्हती, तळाच्या एक-दोन पायऱ्या वर होती. त्यांना भीती भुकेपेक्षा घसरण्याची होती. "आपण त्या कामगारांसारखे होऊ की काय?" हे वाचून आंबेडकरी वाचकाला काही आठवले पाहिजे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे नेमके हेच विष ओळखले होते. वरच्याची लाथ खाणारासुद्धा उतरंड मोडायला तयार होत नाही, कारण लाथ मारायला त्याच्याही खाली कुणीतरी असते. हुकूमशहाला फक्त एवढेच करायचे असते. घसरणाऱ्या माणसाला सांगायचे, "तू वरच्यामुळे घसरत नाहीस. खालचा तुझा पाय ओढतोय."

जर्मनीत तो 'खालचा' म्हणून ज्यू दाखवला गेला. साडेसहा कोटींच्या देशात ज्यू सुमारे ५ लाख, म्हणजे एक टक्काही नाहीत. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यातून लढले, १२ हजार मेले. तरी ते कामचुकार असल्याची कुजबुज पसरवली गेली. १९१६ मध्ये लष्कराने सैन्यातल्या ज्यूंची वेगळी मोजणी केली आणि निकाल मात्र युद्ध संपेपर्यंत बाहेर येऊ दिला नाही. हरलेल्या सेनापतींनी सांगितले की आम्ही हरलो नाही, घरभेद्यांनी पाठीत सुरा खुपसला. सावकारही ज्यू, कम्युनिस्टही ज्यू, नोकऱ्या खाणाराही ज्यू! परस्परविरोधी आरोप एकाच माणसावर चिकटतात, कारण पूर्वग्रहाला पुरावा लागत नाही. आणि हा पूर्वग्रह हिटलरने निर्माण केला नव्हता. चर्चच्या प्रवचनांत, म्हणींत, मुलांच्या गोष्टींत तो शतकानुशतके पडून होता. हिटलरने त्याला फक्त काडी लावली.

"त्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या." मित्रांनो, हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? कॉलेजच्या कट्ट्यावर, प्रवेशाच्या रांगेत, ऑफिसात आपल्या पाठीमागे. मंजूर पदे रिकामी ठेवणाऱ्याला, कायमच्या नोकरीचे कंत्राट करणाऱ्याला कुणी विचारत नाही. शिव्या आरक्षणवाल्याला! आपण स्वतः हा 'पत्ता' आहोत. म्हणून उद्या कुणी आपल्या हातात दुसऱ्या समाजाचा पत्ता दिला, तर तो पहिल्यांदा ओळखायचा मान आपला असला पाहिजे.

तिसरी गोष्ट दाराची. हिटलरला मुक्त निवडणुकीत कधीही बहुमत मिळाले नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये तर त्याची मते ३३ टक्क्यांपर्यंत उतरली. तो उतरणीला असताना ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर केले. फॉन पापेनसारख्या उमरावांना वाटले, मंत्रिमंडळात त्याच्यासह तीनच नाझी आहेत, आपण त्याला मुठीत ठेवू. २० फेब्रुवारीला बड्या उद्योगपतींनी त्याच्यासाठी ३० लाख मार्कांची थैली कबूल केली. २७ तारखेला संसदेला आग लागली, २८ ला नागरी हक्क गेले. २३ मार्चला ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संसदेने स्वतःचे अधिकार त्याच्या हवाली केले. विरोधात फक्त समाजवादी लोकशाहीवादी होते. कम्युनिस्ट खासदारांना आधीच बाहेर ठेवले होते.

आणि हे दोघे आधी काय करत होते? नोव्हेंबर १९३२ मध्ये दोघांच्या मिळून २२१ जागा होत्या, नाझींच्या १९६. पण कम्युनिस्ट समाजवाद्यांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणत होते आणि समाजवादी कम्युनिस्टांना नाझींच्याच पंगतीला बसवत होते. पुढे दोघांचे कार्यकर्ते एकाच छळछावणीत भेटले. आपल्यातले गट, उपगट, त्या गटांचे अध्यक्ष आणि त्यांचे वेगवेगळे बॅनर मोजताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा.

ज्या उपाशी जर्मनाने त्याला मत दिले, त्याला काय मिळाले? शस्त्रांच्या कारखान्यात काम मिळाले, हे खरे. पण २ मे १९३३ ला कामगार संघटना मोडल्या, संपाचा हक्क गेला, मजुरी गोठवली. स्वस्त मोटारीसाठी तीन लाखांहून अधिक लोकांनी दर आठवड्याला पैसे भरले; मोटार त्यांतल्या एकालाही मिळाली नाही. कारखाना युद्धासाठी वाहने बनवत राहिला. शेवटी ६० लाख ज्यूंची कत्तल झाली, आणि ज्याला शिस्त हवी होती त्या जर्मनाची पोरे रशियाच्या बर्फात गाडली गेली.

बाबासाहेबांनी या राक्षसाला वेळीच ओळखले होते. महायुद्धात ते नाझीवादाविरुद्ध ठाम उभे राहिले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी दोन इशारे दिले, ते एकत्र वाचले पाहिजेत. एक, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. दोन, राजकीय समता देऊन सामाजिक-आर्थिक विषमता तशीच ठेवली, तर विषमतेने पोळलेले लोकच हा डोलारा उडवतील. भक्ती आणि भूक! जर्मनीत या दोन्ही एकत्र आल्या तेव्हा काय झाले, हे जग तेव्हा नुकतेच पाहून बसले होते.

म्हणून त्या रात्रपाळीच्या पोराला आमचे सांगणे आहे. भावा, तुझा राग विझवू नकोस, त्याचा पत्ता बदल. भरती का निघत नाही, ते विचार. कंत्राटदाराला किती मिळतात आणि तुझ्या हातात किती येतात, ते विचार. संघटना कर, माहिती माग, मोर्चा काढ, मतदान कर. आणि कुणी एकच माणूस सगळे ठीक करील असे म्हणाला, मग तो आपल्यातला का असेना, त्याला पहिला प्रश्न तू विचार.

हिटलरच्या राज्यात तू घोड्यावर असशील असे तुला वाटते. त्या राज्याच्या यादीत तुझे नाव कुठल्या रकान्यात असेल, तेवढे एकदा शांतपणे बघ.

जय भीम! जय संविधान!