मानवजात म्हणजे कोण?

१९४६ साली अमेरिकन नौदलाचा कमोडोर वायट पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर आला. रविवारची प्रार्थना आटपलेली. म्हणाला, मानवजातीच्या भल्यासाठी बेट सोडा, तात्पुरतं. १६७ माणसं उठली. रोंगेरिकवर नेऊन टाकली, तिथं उपासमार. मागं गावावर अणुबॉम्ब.

१९४७ ला युनोनं हीच मार्शल बेटं अमेरिकेला विश्वस्त म्हणून दिली. वा रे विश्वस्त! १९५८ पर्यंत एकूण ६७ स्फोट. पुढं काही घरं परतली, १९७८ ला पुन्हा उठवली. अन्नपाण्यातच विष. १९८६ च्या करारानं बेटं म्हणे स्वतंत्र. संरक्षण मात्र अमेरिकेच्या मुठीत, क्वाजालिनचा क्षेपणास्त्र-तळ तसाच.

ते ‘तात्पुरतं’ अजून संपलं नाही. मग ही माणसं मानवजातीत नव्हती? गावकुसाबाहेर वाढलेल्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही.