बँडच्या ट्यूबास पिशवी कशी असावी?

घागर मातीची असो कीं पितळेची, ती डोकीवर घेण्यापूर्वीं पाणी आणणारी बाई आधीं चुंबळ करते. चुंबळीमुळें घागर स्थिर राहते व मस्तकासहि इजा होत नाहीं. शाळेच्या बँडमधील मोठ्या पितळी वाद्याच्या पिशवीसंबंधानें आमचें मत थोडक्यांत सांगावयाचें तर तें असेंच आहे. जिच्या योगानें वाद्य आणि तें वाहणारा मुलगा या दोघांचेंहि रक्षण होतें, तीच पिशवी घेण्यासारखी; बाकी सर्व नुसतीं आच्छादनें होत.

हा विषय वार्षिकांत लिहिण्याजोगा आहे काय, अशी शंका कांहीं पालकांस येईल. ती दूर व्हावी म्हणून घडलेली एक गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं संचलनास जातांना आमच्या बँडचा ट्यूबा एका जुन्या चादरींत गुंडाळून बसच्या मागील आसनावर ठेविला होता. वाटेंत बस एकाएकीं थांबली, वाद्य खालीं आलें, त्याच्या कर्ण्याची कड वांकली व तळच्या वळणास मुठीएवढा पोचा पडला. अपराध कोणाचाच नव्हता. परंतु दुरुस्तीनंतर वाद्य कपाटांत गेलें, कपाटास कुलूप लागलें, आणि यापुढें ट्यूबा कोणीं घरीं नेऊं नये असा नियम झाला. जो मुलगा तो वाजवीत असे, त्याच्या घरीं दुसरें वाद्य नाहीं व येण्याचा संभवहि नाहीं. आठवड्यांतून दोन तास, तेहि शाळा सुटल्यावर, एवढाच त्याचा सराव उरला. पोचा कारागिरानें काढला. मुलाचा बुडालेला सराव मात्र कोणासच भरून काढतां आला नाहीं. चांगली पिशवी आली तर तें कुलूप निघूं शकेल, हेंच आमच्या लिहिण्याचें कारण.

ट्यूबा हें बँडमधील सर्वांत खालच्या स्वरांचें वाद्य. बर्लिन येथें १८३५ सालीं वीप्रेख्त व मोरित्स या दोघांनीं त्याचें पेटंट घेतलें. आपल्या देशांत बँडचीं वाद्यें मुख्यत्वें मीरत शहरीं तयार होतात. तेथील नादिर अली आणि कंपनी हा कारखाना १८८५ सालचा आहे. मोठ्या ट्यूबाची नळी उलगडली तर ती सुमारें १८ फूट भरेल, पण तिचा पत्रा मिलिमीटरहूनहि पातळ असतो. तांबें व जस्त यांचा हा मिश्र धातु लवचीक असल्यामुळेंच त्यास अशीं वळणें देतां येतात, आणि त्याच कारणानें धक्का लागतांच त्यास पोचाहि पडतो. नळीस मोठा पोचा पडला कीं कांहीं स्वर बिघडतात. झडपांस मार बसला कीं त्या अडकतात व वाद्य मुकें होतें.

अशा वाद्यासाठीं कठीण पेटी घ्यावी कीं मऊ पिशवी, हा पहिला प्रश्न. मालमोटारींतून किंवा आगगाडीच्या सामानाच्या डब्यांतून वाद्य जावयाचें असेल तर पेटीच पाहिजे, कारण वर ठेवलेल्या सामानाचा भार कोणतीहि मऊ पिशवी सोसूं शकत नाहीं. परंतु मुलानें चालत घरीं न्यावयाचें असेल तर हिशेब निराळा होतो. पूर्ण आकाराचा ट्यूबा सुमारें १० किलो भरतो, आणि कठीण पेटीचें वजन कित्येकदां वाद्याइतकेंच असतें. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या शालेय दप्तर धोरणांत, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावें असें सांगितलें आहे. ४० किलोच्या मुलास हा हिस्सा ४ किलो येतो. ट्यूबा म्हणजे दप्तर नव्हे हें खरें, पण पाठ तीच आहे. म्हणून घरीं नेण्यासाठीं जाड भरणाची मऊ पिशवीच असावी. तिला पाठीवरचे दोन रुंद पट्टे व दोन्ही अंगांस मुठी असाव्यात, म्हणजे दोघे मित्र मिळून ती उचलूं शकतील. ज्या दिवशीं ट्यूबा घरीं न्यावयाचा त्या दिवशीं दप्तर दुसऱ्यानें घ्यावें.

निवडतांना पहिली गोष्ट माप. वाद्याची उभी लांबी, कर्ण्याच्या तोंडाचा व्यास आणि झडपांजवळची सर्वांत अधिक जाडी, हीं तीन मापें टेपनें घेऊन लिहून ठेवावीं व मगच दुकानाची पायरी चढावी. पिशवी ढिली असली कीं वाद्य आंत हेलकावे खातें. घट्ट असली कीं चेन लावतांना झडपांवर दाब येतो. दुसरी गोष्ट भरण. फोम एक इंचाच्या आसपास जाड असावा व अंगठ्यानें दाबून सोडतांच पूर्ववत् फुगावा. कर्ण्याची कड व तळचें वळण या ठिकाणीं भरण दुप्पट पाहिजे, कारण वाद्य आपटतें तें बहुधा तेथेंच. तिसरी गोष्ट चेन. ती जाड असावी व तिच्या आंतल्या अंगास कापडाची पट्टी असावी, नाहीं तर तिचे दांत वाद्याची लकाकी खरवडतात. चौथी गोष्ट शिवण. पट्टे जेथें जोडलेले असतात तेथें चौकोनांत फुली मारलेली दुहेरी शिवण पाहावी. सर्व भार तिच्यावरच असतो. पांचवी गोष्ट माउथपीससाठीं वेगळा कप्पा. तें सुटें टाकलें तर आंतल्या आंत वाद्यास मार बसतो. वह्या-पुस्तकें तर त्या पिशवींत कदापि कोंबूं नयेत.

चाकें असलेली पिशवी पाहून पुष्कळांस मोह पडतो. गुळगुळीत फरशीवर चाकें सोयीचीं. पण आपल्या रस्त्यांवरील खडींतून ओढतांना प्रत्येक हिसका डाग दिलेल्या सांध्यांस बसतो. त्याहून पट्टेच बरे.

आमच्याकडे चार महिने पाऊस असतो, म्हणून वरचें कापड पाणी न शोषणारें असावें. मात्र जें कापड बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं, तें आंतला ओलावाहि बाहेर जाऊं देत नाहीं. वाजवून झाल्यावर नळींत सांठलेलें पाणी काढून, वाद्य पुसून, मगच पिशवींत ठेवावें. घरीं पोहोंचतांच पिशवी उघडावी. ओलसर अस्तरांत पितळ काळवंडतें व कापडास बुरशी येते.

कांहीं पालक म्हणतात कीं, पिशवीच्या पैशांत एखादें लहान वाद्य येईल व आणखी एक मुलगा बँडमध्यें वाजवूं लागेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. शाळेजवळ पैसा थोडा असतो व प्रत्येक रुपयास दहा वाटा असतात. परंतु कुलपांत ठेवलेलें मोठें वाद्य म्हणजे अडकून पडलेला त्याहूनहि मोठा पैसा, हेंहि लक्षांत घ्यावें. शिवाय परदेशी पिशवीच पाहिजे असें नाहीं. ताडपत्रीचें व बॅगांचें काम करणारे कुशल कारागीर बहुतेक शहरांत आहेत. वर सांगितलेलीं मापें व पांच गोष्टी त्यांस समजावून दिल्या आणि काम होत असतां एकदां वाद्य घालून पाहिलें, तर उत्तम पिशवी गांवांतच शिवून मिळेल.

आमची सूचना अशी आहे. बँडच्या मोठ्या वाद्यांस एकेक मजबूत पिशवी करावी. कोणीं केव्हां नेलें व केव्हां आणलें याची वही ठेवावी. आणि शनिवारीं दुपारीं नेऊन सोमवारीं सकाळीं परत आणावें. मुलांनीं वाद्य आपलें समजून जपावें, व पालकांनीं दोन दिवस घरांत होणारा तो गंभीर घोष आनंदानें सहन करावा. पुढच्या संचलनांत ट्यूबाचे स्वर शुद्ध निघाले, तर या खर्चाचा हिशेब तेथेंच चुकता झाला असें आम्ही समजूं.