आमच्या वार्ताहराकडून

गेल्या महिन्यात आमच्या बँकेच्या खिडकीवर एक जुने खातेदार आले. खानापूर भागातून पस्तीस वर्षे एका मराठी दैनिकाला बातम्या पाठवणारे गृहस्थ. पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. छापून आलेल्या मजकुराच्या इंचावर मानधन मिळायचे. त्यांच्या पासबुकातल्या नोंदी आम्हीच करत आलो. ते आकडे इथे देत नाही, लाज वाटते.

"कात्रणांच्या अकरा वह्या आहेत," ते म्हणाले. "मुलगा पुण्याला असतो, घर विकायचे ठरते आहे. रद्दीवाला किलोवर न्यायला तयार आहे. मंडळाला हव्यात का?"

१९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक होते. (आपला बेळगावचा 'तरुण भारत' वेगळा, तो बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली काढला.) संपादकांची नावे राहिली, ती राहायलाच हवीत. पण १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेऱ्या, गावसभांचे ठराव, १९८६ च्या जूनमधले कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन हे सारे ज्यांनी जागेवर उभे राहून टिपले, त्यांच्या मजकुरावर एवढेच असे: 'आमच्या वार्ताहराकडून'.

दोन संध्याकाळी आम्ही त्या वह्या चाळल्या. प्रत्येक कात्रणाशेजारी त्यांच्या हातची टीप आहे. बातमी कोणी सांगितली, पाकीट कोणत्या बसच्या कंडक्टरकडे दिले, तार केली तर खर्च किती आला. ८६ च्या जूनमध्ये एका तारखेपुढे लिहिले आहे, 'बस बंद. दूधवाल्याबरोबर पाठवले.' आणि एका मोर्चाच्या बातमीपुढे, 'आकडा फुगवला. निम्मी माणसेही नव्हती. चूक माझी.'

या शेवटच्या टीपेवरून मंडळात बराच वाद झाला. ८६५ गावांचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, अशा वेळी आपणच विरुद्ध बाजूच्या हाती कोलीत कशाला द्यायचे, ते पान काढून ठेवा, असे आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचे म्हणणे पडले. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. त्यांनी या प्रश्नापायी तुरुंग पाहिला आहे. तरीही आम्ही नाही म्हटले. खातेवहीत चूक झाली तर ती रेघ मारून दुरुस्त करतात आणि शेजारी सही करतात. पान फाडले तर तपासनीस त्या पानापुरता थांबत नाही, सगळी वही संशयात घेतो. या माणसाने रेघ मारून सही केली आहे. बाकीच्या दहा वह्यांवर आमचा विश्वास बसला तो याच पानामुळे.

त्यांना विचारले, एवढी वर्षे का केलेत? म्हणाले, "गावात दुसरे कोणी लिहिणारे नव्हते." मग त्यांनी पावती मागितली. पाने मोजून आम्ही ती दिली.

वह्या सध्या मंडळाच्या लोखंडी कपाटात आहेत. कागद पिवळा पडला आहे, खळीला कसर लागली आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यायचे आहे. कॅमेऱ्याची माहिती असलेले दोन तरुण हवेत. आणि निपाणी, कारवार, बिदरकडच्या वाचकांच्या माळ्यावर अशा वह्या असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी आम्हाला कळवावे. रविवारी सकाळी आम्ही मंडळातच असतो.