हातानंच तर केलंय!

निवृत्त माणसानं काय करू नये, याची यादी कुणी केली तर पहिल्या क्रमांकावर मी ‘लोकरीचा मफलर’ लिहीन. त्यातून तो माणूस छत्रपती संभाजीनगरचा असेल, तर यादी तिथंच संपवायला हरकत नाही. आमच्या शहराचं नाव २०२३ साली बदललं; उन्हाळा मात्र जुन्याच नावानं चालू आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि आमच्यासारखाच, त्यानंतर कुणाचं ऐकत नाही. अशा गावात, भर एप्रिलात, पंख्याखाली घाम पुसत मी लोकर विणायला शिकलो.

झालं असं, की समर्थनगरात सुट्टीचे हस्तकलेचे वर्ग निघाले. सौ.नं पॉलिमर क्लेच्या दागिन्यांना नाव घातलं. एका घरातून दोन नावं आली तर फीमध्ये सवलत होती. त्या सवलतीपायी माझं नाव विणकामात गेलं. (सवलत हा शब्द लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.)

वर्गात पुरुष मी एकटाच. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “काका, काकूंना न्यायला आलात का? त्यांना वेळ आहे अजून.” मी त्यांना सांगितलं, की युरोपात एके काळी लोकर विणणाऱ्यांचे संघ होते आणि ते पुरुषांचे होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. मग चाळीस टाके घाला.”

पलीकडच्या टेबलावर हिचं चाललं होतं. क्ले म्हणजे माती, असं मी धरून चाललो होतो. ती माती नव्हेच. आमच्या गच्चीवर ज्याचे पाइप आहेत, त्या पीव्हीसीचा तो मऊ भाऊबंद. ओव्हनमध्ये १३० अंशांच्या आसपास भाजेपर्यंत लोण्यासारखा राहतो. आच कमी पडली तर कच्चा, जास्त झाली तर करपलेला. हिच्या झुमक्यांची पहिली जोडी बाहेर आली, तेव्हा मला तेरच्या गोरोबाकाकांची आठवण झाली. त्यांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं ते सांगितलं होतं, अशी कथा आहे. मी झुमक्याला नख लावून पाहिलं आणि तसंच सांगितलं. दोन दिवस आमच्या घरी फक्त खिचडी झाली.

आता मफलरचा हिशेब ऐका. एका ओळीत चाळीस टाके, पाच फुटांच्या मफलरला सुमारे तीनशे ओळी. म्हणजे बारा हजार टाके. मिनिटाला दहा टाके ही माझी उच्चांकी गती धरली, तरी वीस तास झाले. त्यात सुलटच्या जागी उलट पडलेले, निसटलेले, सबंध उसवलेले मिळवा. चाळीस तासांच्या खाली एक मिनिट गेलं नाही. मान धरली. डाव्या तर्जनीला घट्टा पडला, तो मी आल्यागेल्याला दाखवत होतो.

मफलर पाहून माझा मावसभाऊ म्हणाला, “वा! ऑर्डरी घे की. मला एक दे. दीडशे देईन.”

“अरे, एकशेवीसची तर लोकर आहे!”

“मग? तीस रुपये सुटले की तुला! हातानंच तर केलंय, त्यात काय!”

चाळीस तासांचे तीस रुपये. तासाला बारा आणे. भांडण मला तिथंच करायचं होतं. पण मावसभावाशी करून काय उपयोग? म्हणून तुमच्याशी करतो. कारण “हातानंच तर केलंय” हे वाक्य तुम्हीही म्हटलेलं आहे. मीही म्हटलेलं आहे. यंत्रातून निघालेल्या वस्तूवर छापील किंमत असते, ती आपण निमूटपणे मोजतो. टूथपेस्टची नळी हातात घेऊन “शेवटचं काय घ्याल?” असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि जिथं एक माणूस दिवसभर मान मोडून बसलेला असतो, नेमकी तिथं आपल्याला अर्थशास्त्राची आठवण होते!

दहा वर्षांपूर्वी पुण्याच्या पाहुण्यांसमोर, जाफरगेटकडच्या एका दुकानात, मी एक हिमरू शाल निम्म्या किमतीत पाडली. पाडली, हाच शब्द आम्ही वापरला. दुकानाच्या मागच्या बाजूला एक म्हातारा मागावर बसलेला होता. पाहुण्यांनी त्याचा फोटो काढला. मी आठवडाभर गल्लीत पराक्रम सांगत होतो.

मफलर झाल्यावर मी ती शाल ट्रंकेतून काढली आणि उलटी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ताणा सुती, नक्षीचं रेशीम बाण्याचं. जिथं फूल नाही तिथं ते रेशीम मागच्या अंगाला सुटं पळतं. त्याचीच ती मऊ ऊब. (पैठणीचं उलट. हातमागाची खरी पैठणी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. मागं धागे लोंबत असतील तर मुकाट्यानं दुसरं दुकान गाठावं.) टाके मोजायची सवय लागली होती, म्हणून एका फुलाचे धागे मोजायला घेतले. अर्ध्या फुलात डोळ्यांना पाणी आलं. सौ. म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय. असेल.

मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादेला आणली, तेव्हा हे विणकर इकडं आले असं सांगतात. तुघलक परत गेला, कला राहिली. किनखाबाच्या तोडीचं दिसावं पण परवडावं, म्हणून हे कापड निघालं. नावही ‘हम-रू’, म्हणजे सारखं दिसणारं, यावरून आलं म्हणतात. म्हणजे जी काय सवलत द्यायची ती विणकरानं आधीच कापडात विणून दिलेली. वर आम्ही निम्मं पाडणार!

“पण दुकानदार दुप्पट सांगतात त्याचं काय?” सांगतात. तुम्ही निम्मं करणार हे त्यांना ठाऊक असतं म्हणून. आणि “हिमरू म्हणून यंत्रमागाचा माल गळ्यात मारतात त्याचं काय?” मारतात. हातमागाच्या भावात तुम्हाला हातमाग नको असतो म्हणून. खऱ्याखोट्याची पारख करा ना! तास घाला, माग दाखवा म्हणा, कापड उलटं करा. पण पारख वेगळी आणि पाडणं वेगळं.

गेल्या महिन्यात मी परत त्या दुकानात गेलो. माग होता, म्हातारा नव्हता. मुलगा कुठं आहे, विचारलं.

“वाळूजला, कंपनीत. उधर पगार में कोई भाव नहीं करता, साब.”

मी एक शाल निवडली, उलटी करून पाहिली आणि सांगितली ती किंमत काढून ठेवली. दुकानदार घाबरला. नोटा उजेडात धरून पाहिल्या. मग न राहवून म्हणाला, “साब, दोनशे कम देव. ऐसा अच्छा नहीं लगता.” मी नाही म्हटलं. तो दीडशेवर आला. मी ठाम. शेवटी चहावर मिटलं.

घरी आल्यावर सौ.नं विचारलं, “किती कमी केले?”

“काही नाही.”

ती तोंड उघडणार होती. पण सकाळीच शेजारच्या वहिनी तिच्या झुमक्यांची जोडी हातात घेऊन म्हणाल्या होत्या, “वीस रुपयांना द्या हो, घरीच तर केलेत.”

“बरं केलंत,” ती म्हणाली, आणि शाल उलटी करून खिडकीपाशी घेऊन गेली.