पडद्यावरचा सावकार कोठे गेला?

बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ साली पडद्यावर आला. पौराणिक कथांनी पडदा व्यापून टाकलेल्या त्या काळात देवाच्या जागी एक कर्जबाजारी कुणबी उभा करणे हे साधे धाडस नव्हते. कथा नारायण हरी आपटे यांची होती आणि तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. सावकाराच्या कागदापायी जमीन जाते आणि जमिनीचा धनी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच त्यातील गोष्ट. तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी अंधूक प्रकाशातील एका झोपडीचे आणि तिच्यापाशी विव्हळणाऱ्या कुत्र्याचे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यावरच आता समाधान मानावे लागते. परंतु एका गोष्टीची कल्पना सहज करता येते. मुंबईच्या नाट्यगृहांतून आणि तंबूंतून स्वस्त दराच्या जागेवर बसून असले चित्रपट पाहणाऱ्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार होते. त्यांच्यापैकी अनेकांना पडद्यावरील कागद ओळखीचा वाटला असला पाहिजे.

ह्या चित्रपटाच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले होते. त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून त्यांनी जाळले. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्याचा कायदा केला, तरी सावकारी राहिलीच. म्हणजे पेंटरांनी पडद्यावर आणलेला विषय जुना नव्हता, चालू होता. कर्जबाजारी शेतकऱ्याविषयी आजवर निघालेल्या चित्रपटांची पारख करावयाची तर हीच कसोटी लावणे योग्य ठरेल. चित्रपटाला कर्जाचा कागद दिसतो की केवळ कर्जदाराचे अश्रू दिसतात?

ह्या कसोटीवर बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) आजही सर्वांच्या पुढे आहे. बलराज साहनी यांच्या अभिनयाची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ह्या चित्रपटाचा खरा कणा त्याच्या आरंभीच्या हिशेबात आहे. शंभूच्या समजुतीप्रमाणे त्याचे देणे ६५ रुपये आहे. जमीनदाराच्या वहीत ते २३५ रुपये निघते. वही कोणी लिहिली, ती वाचता कोणाला येते आणि न्यायालय कोणाच्या वहीवर विश्वास ठेवते, ह्या तीन प्रश्नांत ग्रामीण पतव्यवस्थेचे सारे शास्त्र सामावलेले आहे. शंभूला तीन महिन्यांची मुदत मिळते आणि तो कलकत्त्याला रिक्षा ओढण्यासाठी जातो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जमीनदाराला २३५ रुपये नकोच आहेत. शहरातील धनिकांच्या भागीदारीत तेथे कारखाना काढावयाचा आहे आणि शंभूचे दोन बिघे त्या पट्ट्याच्या मधोमध येतात. कर्ज हे येथे जमीन काढून घेण्याचे हत्यार आहे. असे असल्यामुळे शंभू कितीही धावला तरी पैसा पुरा पडणार नाही, हे प्रेक्षकाला आधीच उमगते. आणि गिऱ्हाइकाने जादा पैशाचे आमिष दाखवताच जिवाच्या आकांताने पळणाऱ्या शंभूच्या रिक्षाचे चाक निखळते, तेव्हा तो अपघात वाटत नाही. दोष काढावयाचाच तर उत्तरार्धातील योगायोगांचा काढावा लागेल. एका कुटुंबावर इतक्या आपत्ती एकाच शहरात, इतक्या थोड्या दिवसांत कोसळतात की पूर्वार्धातील कठोर तर्क काहीसा सैल पडतो. दुःखाला पुरावा म्हणून आणखी दुःख जोडण्याची खोड आपल्या चित्रपटांना फार पूर्वीपासून आहे.

हा चित्रपट निघाला त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेची ग्रामीण पतपाहणी चालू होती. गोरवाला समितीने तिचा अहवाल १९५४ मध्ये दिला. त्या समितीवर धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याने १९५१-५२ साली घेतलेल्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के आणि सहकारी संस्थांचा अवघा ३ टक्के, असे त्या पाहणीत आढळले. बिमल रॉय यांनी अहवाल वाचून चित्रपट काढला नाही हे उघड आहे. तरीही दोन्हींनी एकच वस्तुस्थिती नोंदवली.

‘मदर इंडिया’ (१९५७) विषयी वेगळे बोलावे लागते. मेहबूब खान यांच्या संस्थेचे चिन्ह विळा-हातोड्याचे होते आणि त्याच्या जोडीला दैवाची थोरवी सांगणारा शेर ऐकू येत असे. ही विसंगती त्या चित्रपटाच्याही अंगी उतरली आहे. पाचशे रुपयांच्या कर्जापायी पिकाचा तीन-चतुर्थांश हिस्सा व्याजात जात राहतो, हा हिशेब त्यात आहे, आणि कन्हैयालाल यांचा सुखीलाला विसरता येणार नाही. परंतु सुखीलाला इतका दुष्ट, इतका लंपट आहे की प्रेक्षकाचा सारा संताप त्याच्या व्यक्तीवरच खर्च होतो. एखादा सज्जन, सोवळ्यात पूजा करणारा, बायकांकडे मान वर करून न पाहणारा सावकार असता तर ते पाचशे रुपये कमी झाले असते काय? चित्रपट हा प्रश्न मनात येऊच देत नाही. बिरजू सावकाराला मारतो आणि आई बिरजूला मारते. सावकारीचे काय झाले, ते धरणाच्या पाण्याने परस्पर मिटते. पुरोगामी वर्तुळात ह्या दोन चित्रपटांची नावे एका दमात घेण्याची पद्धत आहे. नांगर ओढणारी नर्गिस डोळ्यांपुढून हलत नाही हे मान्य करूनही ती पद्धत सोडून द्यावी, असे सुचवावेसे वाटते.

महाराष्ट्रात पुढे सावकाराची जागा निदान काही अंशी सहकाराने घेतली. त्या नव्या सत्तेचे चित्र जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांच्या ‘सामना’ने दाखवले. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील शोषक आहे, पण तो गावाला कारखाना, रस्ते, रोजगार देणारा शोषक आहे. म्हणूनच मारुती कांबळे ह्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न गावात कोणी विचारीत नाही. उपकाराखाली दबलेला माणूस आणि कर्जाखाली दबलेला माणूस ह्यांची मान सारखीच वाकते. चित्रपटाला ते समजले होते. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता.

त्यानंतर मराठी पडद्यावर शेतकऱ्याच्या नावाने ढोलकी आणि पाटलाच्या वाड्यातील कारस्थाने पुष्कळ आली. त्यांविषयी न लिहिलेले बरे.

शेतकरी पुन्हा गंभीरपणे दिसू लागला तो आत्महत्यांच्या पर्वात. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (२००८) जखमी बैल खाटकाला विकून नवा बैल आणल्याखेरीज पेरणी होणार नाही, हे बापाला कळते आणि मुलाला कळत नाही. बाप क्रूर नाही, त्याच्यापाशी दुसरी तोड नाही. मुलाच्या हट्टातून शेतीचा ताळेबंद सांगणारा इतका नितळ चित्रपट मराठीत दुसरा नसेल. मात्र २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. आज तोच बाप तो बैल त्या रीतीने विकू शकणार नाही. बैल दावणीलाच राहील आणि नवा बैल घेण्यासाठी संपूर्ण रक्कम कर्जाऊ काढावी लागेल. टिंग्याचा हट्ट कायद्याने पुरवला आणि त्याचे बिल बापाच्या नावावर लावले, असे म्हटल्यास ते अवास्तव होणार नाही.

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) शेजारच्या आत्महत्येने धास्तावलेली पत्नी आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते, मुलाला त्याच्या पाठीमागे लावते, त्याला गोडधोड करून घालते. भीतीपोटी झालेला हा लाड अंगावर काटा आणतो. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांची कामे संयत आहेत. परंतु येथे खलपुरुष म्हटला तर पाऊस आहे. कर्ज आहे, धनको मात्र जवळजवळ अदृश्य आहे.

हे दिग्दर्शकाचे न्यून की काळाचे? २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील निम्म्याहून किंचित अधिक शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती, प्रत्येक कुटुंबावरील सरासरी देणे सुमारे ७४ हजार रुपये होते, आणि थकीत रकमेपैकी जवळजवळ ७० टक्के बँका, सहकारी संस्था आदी संस्थात्मक मार्गाने आलेली होती. दोन पाहण्यांतील मोजमाप तंतोतंत एक नाही, एकीत वर्षभरात घेतलेले कर्ज आहे आणि दुसरीत शिल्लक देणे. तरी सावकाराचे ७० आणि संस्थेचे ७० ह्यांची अदलाबदल डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. व्यावसायिक सावकार उरला आहे तो पाचव्या हिश्शाचा धनी म्हणून. धनको आता बँकेच्या खिडकीआड आहे, सोसायटीच्या सचिवाच्या टेबलावर आहे, बियाणे-खते उधार देणाऱ्या दुकानदाराच्या वहीत आहे. त्याला मिशा नाहीत, त्याची नजर वाईट नाही, तो नियमावर बोट ठेवतो. कॅमेऱ्याला चेहरा लागतो आणि येथे चेहराच नाही, म्हणून नवे चित्रपट आभाळाकडे कॅमेरा वळवतात. बिमल रॉय यांना वही दाखवता आली. आजच्या चित्रपटाला पासबुक अजून दाखवता आलेले नाही.

ह्याला एक अपवाद आहे, आणि तो अशा ठिकाणी सापडतो की पुष्कळ वाचक नाक मुरडतील. शाहरुख खान यांचा ‘जवान’ (२०२३) हा मारधाडीचा, गाण्याबजावणीचा, बुद्धीला फारसा त्रास न देणारा चित्रपट आहे. त्यात ट्रॅक्टरच्या हप्त्यापायी एका शेतकऱ्याची विटंबना होते आणि तो जीव देतो. आणि नायक सरळ विचारतो की, महागड्या मोटारीसाठी ८ टक्के आणि ट्रॅक्टरसाठी १३ टक्के व्याज, हे कसे? कोट्यवधी लोकांनी भरगच्च चित्रपटगृहांत व्याजदराचा प्रश्न ऐकला. जाणकारांच्या चित्रपटांनी वीस वर्षांत जे केले नाही ते ह्या गल्लाभरू चित्रपटाने केले, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. उत्तर मात्र तेथे जुनेच आहे. नायक उद्योगपतीकडून ४० हजार कोटी रुपये काढतो आणि काही तासांत ते शेतकऱ्यांच्या खात्यांवर जमा होतात. पुढच्या हंगामात बियाण्याचा पैसा कोठून येणार, हे कोणी विचारीत नाही. २००८ ची केंद्राची आणि २०१७ ची महाराष्ट्राची कर्जमाफी ज्यांनी गावात राहून पाहिली, त्यांना हा प्रश्न सुचल्यावाचून राहणार नाही.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांचा पक्ष येथे घ्यावयाचा नाही. ‘सैराट’ आणि ‘फँड्री’ यांनी जातीविषयी जे दाखवले ते प्रभातच्या सुवर्णकाळालाही जमले नव्हते. खेद वेगळाच आहे. ‘सावकारी पाश’ पाहणारा माणूस आणि पडद्यावरचा माणूस एका जातकुळीचे होते. आज जत्रेतील तंबू जवळजवळ उठले आहेत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट त्यांच्या अखेरच्या दिवसांचे हृद्य चित्रण करतो. तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृह कोठे बंद पडले, कोठे त्याचे मंगल कार्यालय झाले. शहरातील बहुपडदा चित्रपटगृहात चौघांच्या कुटुंबाने जावयाचे तर शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी मोजावी लागते. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरील चित्रपट मग महोत्सवात दाखवला जातो आणि पाहणारे हळहळून घरी जातात.

कार्यकर्त्यांच्या शिबिरांतून चित्रपट दाखवण्याचा प्रघात अजून काही ठिकाणी आहे. तो बहुधा शेवटच्या रात्री, करमणूक म्हणून, जेवणानंतर असतो आणि निम्मे लोक झोपलेले असतात. ‘दो बिघा जमीन’ एखाद्या गावात संध्याकाळी लावावा. येताना प्रत्येकाला आपला सात-बारा आणि कर्जाचा खातेउतारा सोबत आणावयास सांगावे. वहीच्या प्रसंगानंतर, ६५ चे २३५ झाल्यावर, थोडा वेळ यंत्र थांबवावे आणि दिवे लावून मुद्दल किती, व्याज किती, हे ज्याचे त्याला वाचू द्यावे. ज्याला वाचता येत नसेल त्याच्याजवळ एकाने बसावे. उरलेला चित्रपट त्यानंतर दाखवता येईल.